लोणारी दरवाज्यास आला

पोवई नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर
दोन पोरांनी गड बांधलाय.
तन्वीर मुल्ला कराडचा, धैर्यशील इथलाच, करंज्याचा.
ना पाथरवट, ना चुन्याची घाणी,
तीन कॉम्प्युटर, एक खडखडता कूलर
आणि वडापावच्या तेलकट कागदावर बुरुजाचा नकाशा.

मला बोलावलं ते मोडी वाचते म्हणून.
"बाई, गेममधली माणसं जुनं बोलली पाहिजेत,
पण आमच्या पोरांना कळलंही पाहिजे."
वाक्याला साठ रुपये ठरले.

मी त्यांना माझ्याजवळचा एक कागद दाखवला.
वेढ्यातल्या कुठल्याशा गडाचा रोजचा खर्च,
वाती, दारू, तेल.
खालून दुसरी ओळ:
*रात्रौ येक लोणारी दरवाज्यास आला,
सुरुंग आहे म्हणो लागला, आंत घेतला नाही.*
पुढं कसरीनं खाल्लेलं भोक.
मग: *तेल सवा शेर.*

मोडीत लेखणी उचलत नाहीत.
लोणारी, दरवाजा, सुरुंग एकाच दमात,
मध्ये थांबायला जागा नाही.
वीस वर्षं मी ही ओळ तशीच वाचली,
आणि पोरं म्हणाली, बाई, इथंच तर तोडायचं!
आत घेतला नाही, हे कोण ठरवणार?
खेळणारा. तो दरवाज्याचा नाईक.

मग बसले लिहीत.
लोणाऱ्याला भिवा नाव दिलं,
चुन्यानं भेगाळलेले हात दिले, एक खोकला दिला.
दिंडी उघडली, तर बुरुज वाचतो
आणि हुकूम मोडला म्हणून नाईकाला बारा फटके.
बंदूक झाडली, तर उजाडताना बुरुज उडतो;
त्या धुळीसाठी मला तीन रात्री लागल्या.
परवलीचा शब्द विचारला, तर भिवा म्हणतो,
"शब्द तुमच्यापाशी. मला खालून ठोके ऐकू आले."

एक शेवट मी लपवून ठेवला.
पहिल्याच दिवशी बाजारात
भिवाकडून चुना घेताना ज्यानं घासाघीस केली नाही,
त्यालाच अंधारात त्याचा खोकला ओळखू येतो.
त्याला कुणी काही विचारत नाही.
तो नुसता खाली उतरतो, अडसर काढतो.

आठवड्यानं धैर्यशीलनं आकडे दाखवले.
शंभरातले एकाहत्तर बंदूक झाडतात.
खोकला ओळखणारे आत्तापर्यंत चार,
त्यातला एक विट्याचा.

"तुम्ही खेळा की बाई."
खेळले.
सगळे शेवट माझेच,
तरी बाजारात बोट आपोआप गेलं:
*थोडं कमी कर.*
मंडईतली तीस वर्षांची सवय.
खोकल्याची वाट तिथंच बंद झाली
आणि मला कळलंही नाही.

रात्र झाली. भिवा आला.
दहा सेकंद. पडद्यावर वाळूचं घड्याळ.
उघडू? याचं खरं कशावरून?
झाडू? हे हात मीच भेगाळलेत.
सात. चार.
माउसवर हात तसाच राहिला.
वाळू संपली.

गड तसाच उभा, भिवा तसाच खाली,
त्याचे खांदे वर-खाली होत होते,
आणि पडद्याच्या तळाशी अक्षरं:
*इथे मजकूर येईल.*

तन्वीरनं जीभ चावली.
"ही वाट भरायचीच राहिली बाई.
कुणी गप्प बसेल असं वाटलंच नव्हतं."

खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा
लाल दिवा दिसत होता, लागत, विझत.
घरी आले, कागद पुन्हा काढला.
भोकाला भिंग लावलं. भोक ते भोकच.
मग सहज वरच्या ओळी पाहिल्या,
आदल्या रात्रींच्या, कधी नीट न वाचलेल्या.
तेल पाव शेर.
तेल पाव शेर.
तेल पाव शेर.

रात्री साडेअकराला तन्वीरला फोन केला.
म्हटलं, लिहून घे, एकच वाक्य आहे,
साठ रुपये नकोत.